दोन मालेगाव आणि एक किलो हळद

गेल्या वर्षी एक किलो हळदीचं पार्सल मालेगावहून पुण्याला गेलं. तिथे घराला कुलूप होतं, म्हणून ते परत फिरलं आणि बरोबर मालेगावला पोचलं. फक्त ते मालेगाव आमचं नव्हतं. आमचं मालेगाव वाशिम जिल्ह्यातलं. पार्सल पोचलं नाशिक जिल्ह्यातल्या, यंत्रमागांच्या मालेगावला. दोन्हींत तीनशे किलोमीटरहून जास्त अंतर. तेविसाव्या दिवशी ते वहिनीच्या दारात आलं, तेव्हा खोक्याचे चारही कोपरे गोल झाले होते आणि आतली हळद मात्र जशीच्या तशी होती.

"भाऊजी, हळद तं आपल्या वावरातली हाये, मंग नाशिकले कावून फिरून आली?" वहिनीने विचारलं.

वहिनी घरातूनच विक्री करते. हळद, तिखट, उन्हाळ्यात पापड-कुरडया आणि अलीकडे चिया. काही ऑर्डर व्हॉट्सॲपवर येतात, काही ऑनलाइन विक्रीच्या मंचावरून. हिशेब, लेबलं आणि सरकारी अर्ज मी बघतो. तिच्या त्या साध्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलो आणि हळदीच्या एका पाकिटामागे केवढा डोलारा उभा आहे हे पाहून थक्क झालो.

आधी लेबल बघा. पार्सलवरचं लेबल छापणाऱ्या छोट्या यंत्रात शाई नसतेच. कागदावरच एक लेप असतो, उष्णता लागली की तो काळा पडतो. त्याच लेपाला तेल लागलं की अक्षरं फिकी होत जातात. त्या दिवशी वहिनी पापडाच्या लाट्या करत होती. तेलाच्या हाताने तिने लेबल दाबून चिकटवलं. पुण्यापर्यंत ते वाचता आलं, परतीच्या वाटेवर बारकोड गेला आणि पिनकोडचे अंकही गेले. उरलं होतं एवढंच: "मालेगाव, महाराष्ट्र". ते हातात घेणाऱ्या कुणालाही आधी मोठंच मालेगाव आठवणार. त्याचा दोष नाही.

नेमक्या याच घोटाळ्यासाठी पिनकोड जन्माला आला. 15 ऑगस्ट 1972 रोजी तो सुरू झाला आणि त्यामागचं डोकं एका मराठी माणसाचं होतं. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि त्याच वेळी संस्कृतचे कवी. देशात एकाच नावाची अनेक गावं, पत्ते कितीतरी लिप्यांत, अक्षर ज्याचं त्याचं. त्यावर त्यांनी सहा अंकांचा उपाय काढला. अक्षरांत आयुष्य घालवणाऱ्या माणसाने देशाचे पत्ते अंकांत बांधले, हे मला फार विलक्षण वाटतं.

आमच्या मालेगावचा पिन 444503. नाशिकच्या मालेगावचा 423203. पहिला 4 म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड हा पट्टा. तो दोघांनाही सारखाच. पण दुसऱ्याच अंकाला वाटा फुटतात. 44 वाचलं की पार्सल विदर्भाकडे वळतं, 42 वाचलं की खानदेश-नाशिककडे. पहिल्या तीन अंकांत वर्गवारीचा जिल्हा ठरतो, शेवटच्या तीनांत टपाल कार्यालय. गावाचं नाव वाचायची गरजच उरत नाही. आमच्या जिल्ह्याला तर या अंकांची जरा जास्तच गरज आहे. कारंजा लाड आमचं, कारंजा घाडगे वर्ध्याचं. शिरपूर जैन आमचं, नुसतं शिरपूर धुळ्याचं. आणि घाईत लिहिलेलं "वाशिम" वाचताना "वाशी" होतं, ते वेगळंच.

पिनकोड गावापर्यंत नेतो, घरापर्यंत नाही. गावातला पत्ता अजूनही "महादेवाच्या देवळामागं, पिठाच्या गिरणीजवळ" असाच असतो आणि गावातल्या माणसाला तो पुरतोही. 2025 मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला. देशाचा सगळा नकाशा साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत पाडून प्रत्येक चौकोनाला अक्षरं आणि अंक मिळून दहांची खूण दिली. म्हणजे वहिनीच्या ओट्याला एक खूण आणि गोठ्याला दुसरी.

आता पार्सल कोणत्या वाटेने जातं ते बघा. मालेगावहून रिसोडला एसटीने निघालं की माणूस चहा पचायच्या आत पोचतो. वहिनीने रिसोडच्या एका बाईंना तिखट पाठवलं, तेव्हा फोनवर त्याचा प्रवास दिसत होता. ते आधी उलट दिशेला, अकोल्याला गेलं. तिथे रात्र काढली आणि मग खाली रिसोडला आलं. वहिनीला वाटलं, परत चुकलं. चुकलं नव्हतं.

याचं गणित फार देखणं आहे. पंचवीस गावं एकमेकांना थेट जोडायची तर तीनशे वाटा लागतात. सगळा माल मध्ये एका ठिकाणी आणून तिथून वाटायचा ठरवला तर पंचवीसच पुरतात. अमेरिकेत 17 एप्रिल 1973 च्या रात्री फेडेक्सने नेमकं हेच केलं. चौदा विमानं, 186 पार्सलं, पंचवीस शहरं, आणि सगळं मेम्फिस या एका गावी आणून तिथून पुन्हा वाटलेलं. शेजारच्या शहराचं पार्सलही आधी मेम्फिसला जाणार. एकट्या पार्सलच्या दृष्टीने हा मूर्खपणा, सगळ्या पार्सलांच्या दृष्टीने शहाणपणा. आपल्याकडे अकोला, नागपूर, भिवंडी ही तशी ठिकाणं. वहिनीचं तिखट अकोल्याला गेलं नसतं, तर ते साठ-सत्तर रुपयांत रिसोडला पोचलंच नसतं.

आणि हे सगळं ज्या जिल्ह्यातून चालतं, त्या जिल्ह्याला मालवाहतुकीचा इतिहास नवा नाही. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं श्रद्धास्थान, लोक त्याला बंजारा काशी म्हणतात. तिथे 5 ऑक्टोबर 2024 रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. या समाजाचे पूर्वज शेकडो वर्षं देशभर धान्य आणि मीठ वाहत होते. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. असा तांडा अरुंद वाटेवर समोरून आला की प्रवाशाला दोन-तीन दिवस वाट बघत थांबावं लागे. रेल्वे आली आणि तो धंदा बसला. आता समृद्धी महामार्ग आमच्या कारंजा आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. रात्री शेलूबाजारजवळ उभं राहिलं की मालाच्या गाड्यांचे दिवे ओळीने सरकताना दिसतात. मला दरवेळी तांडाच आठवतो.

वाट स्वस्त असली तरी भाडं मात्र वेगळ्याच मापाने लागतं. वहिनीला हे पचायला सर्वांत जड गेलं. तिने एक किलो कुरडया मुंबईला पाठवल्या आणि पावतीवर वजन आलं तीन किलो. तिने घरचा काटा तीनदा तपासला.

काटा बरोबर होता. कुरिअरवाले दोन वजनं काढतात. एक खरं, काट्यावरचं. दुसरं जागेचं. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला बहुतेक जण 5000 ने भागतात. येईल ते किलो. दोन्हींतलं जे जास्त असेल त्याचं भाडं. सोप्या भाषेत सांगायचं तर पाच लिटर जागा म्हणजे एक किलो. कुरडयांचं खोकं होतं 30 बाय 25 बाय 20, म्हणजे पंधरा लिटर, म्हणजे तीन किलो. हळदीचं किलोचं खोकं जेमतेम अडीच लिटरचं, त्यामुळे तिथे काट्यावरचं वजनच लागतं.

यात लबाडी नाही. गाडी वजनाने भरायच्या आधी जागेने भरते. कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडाला हे सांगायला नको. मोकळ्या कापसाने बैलगाडी डोंगराएवढी दिसते आणि वजन निघतं थोडंच. म्हणून तर गावोगाव जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले आणि रुई दाबून 170 किलोच्या गठाणी बांधल्या जाऊ लागल्या. कारंज्यावरून मूर्तिजापूर ते यवतमाळ पूर्वी धावणारी नॅरोगेज शकुंतला रेल्वे याच कापसासाठी टाकलेली. पण कापूस दाबता येतो, कुरडई दाबता येत नाही. तिच्या जाळीतली हवा हीच तर कुरडई. ती हवा मुंबईला न्यायची तर हवेचं भाडं भरावंच लागतं.

यातून वहिनीने स्वतःच वाट काढली, आणि मला ती एखाद्या अभियंत्याच्या तोडीची वाटते. खोक्याच्या तळाशी आणि कडेला ती आधी रद्दी कोंबायची. आता तिथे हळदीची आणि तिखटाची चपटी पाकिटं रचते. खोकं तेवढंच, भाडं तीन किलोचंच, पण आत एक किलो कुरडया आणि दीड किलो हळद-तिखट. हळदीचा प्रवास फुकटात होतो. तेव्हापासून तिच्याकडे कुरडई एकटी मिळत नाही, सोबत काहीतरी घ्यावंच लागतं.

आठवडी बाजारात यातलं काहीच लागत नाही. बाई समोर असते, हळद समोर असते. गिऱ्हाईक चिमूटभर घेऊन तळहातावर चोळतं, वास घेतं, पैसे देतं, पिशवी घेऊन जातं. माणसाची ओळख, मालाची पारख, रोख पैसा, पोचवणं हे सगळं दोन मिनिटांत आणि फुकट. ऑनलाइन विक्रीत यातली एकेक गोष्ट वेगळी विकत घ्यावी लागते. छोट्या विक्रेत्याच्या सगळ्या अडचणींचं मूळ मला इथे दिसतं. वहिनीची हळद महाग नाही. भेट न झालेल्या दोन माणसांमधला विश्वास महाग आहे.

पैशाचंच बघा. अनोळखी माणसाला आधी पैसे द्यायला कोण तयार होईल? म्हणून "माल आल्यावर पैसे". ही युक्ती मोबाइलच्या जमान्यातली वाटते, पण टपाल खात्याने ती 1877 मध्येच सुरू केली होती. तीच व्ही.पी. पोस्टमन पार्सल घेऊन दारात यायचा, पैसे मोजून घ्यायचा, मग पार्सल द्यायचा आणि पैसे पाठवणाऱ्याकडे पोचते व्हायचे. आमच्या आजोबांच्या पिढीने पुस्तकं, बियाणं, औषधं अशीच मागवली. "व्ही.पी. सोडवली का?" हा घराघरातला प्रश्न होता. आणि न सोडवलेली व्ही.पी. ही तेव्हाच्या प्रकाशकांचीही डोकेदुखी होती.

आज ती वहिनीची आहे. समजा एका पाकिटामागे तिला साठ रुपये सुटतात. जाण्याचं भाडं नव्वद, परतीचं साठ. गिऱ्हाइकाने दारात "नको" म्हटलं की दीडशे रुपये गेले, म्हणजे अडीच पाकिटांची कमाई. "नको" म्हणणाऱ्याला एक पैसाही पडत नाही, म्हणून ते सहज म्हटलं जातं. शिवाय विकल्या गेलेल्या मालाचे पैसेही लगेच हातात येत नाहीत, काही दिवस अडकून राहतात. तोवर मिरची भरायला रोकड लागते ती वेगळी. 2016 मध्ये यूपीआय आलं तेव्हापासून आगाऊ पैसे देणारे वाढले, हे खरं. पण नवं गिऱ्हाईक अजूनही आधी माल मागतं. वहिनी आता पार्सल बांधण्याआधी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला एक फोन करते. "ताई, मी मालेगावहून बोलते, तुमची हळद उद्या निघते." तेवढ्या एका वाक्याने परतीची पार्सलं कमी झाली. समोरच्याला आवाज ऐकू आला, की पार्सलमागे माणूस दिसतो.

मालाची पारख हे त्याहून अवघड. वहिनीची पहिली तक्रार आली ती रंगाची. "फोटोत पिवळीधमक, हातात फिकी", आणि दुसऱ्याची नेमकी उलटी. दोष हळदीचा नव्हता, फोनच्या कॅमेऱ्याचा होता. कॅमेरा प्रत्येक चित्रात पांढरं काय असावं याचा अंदाज बांधतो. सगळी चौकट हळदीने भरलेली असली की त्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो चित्रातून पिवळेपणा काढून टाकतो. परसातल्या उन्हात एक, ट्यूबलाइटखाली दुसरा, असे एकाच हळदीचे दोन रंग निघतात. उपाय अगदी साधा निघाला. हळद पांढऱ्या ताटलीत ठेवायची आणि ताटलीची कड फोटोत येऊ द्यायची. कॅमेऱ्याला पांढरं सापडतं, हळद हळदीसारखी दिसते.

दुसरी तक्रार जास्त गंभीर होती. एका बाईंच्या साडीवर हळद सांडली, त्यांनी साबण लावला आणि डाग लालभडक झाला. "भेसळ आहे," असं त्यांनी लिहिलं, खाली एकच तारा. वहिनी रडकुंडीला आली. खरं तर तो डाग शुद्ध हळदीतही असाच पडतो. हळदीतला पिवळा पदार्थ, कर्क्युमिन, क्षाराशी भेटला की तांबडा होतो, आणि साबणात क्षार असतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. जे कुंकू त्या बाई रोज लावत असतील, त्याचंच रसायन त्यांच्या साडीवर घडलं होतं. वहिनीने त्यांना तसं कळवलं. त्यांनी तो तारा काढला नाही, पण पुढच्या महिन्यात दोन किलो हळद मागवली.

न दिसणाऱ्या मालाचं काय होतं, यावर जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये एक निबंध लिहिला आणि त्या कामासाठी 2001 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांचं उदाहरण जुन्या मोटारींचं होतं. गिऱ्हाइकाला चांगली आणि वाईट गाडी वेगळी ओळखता आली नाही, तर ते दोन्हींना मधली किंमत देतं. मधल्या किमतीत चांगली गाडी विकणं परवडत नाही, चांगला विक्रेता बाजार सोडतो आणि शेवटी वाईट मालच उरतो. हे हळदीला तंतोतंत लागू आहे. पडद्यावर सगळ्याच हळदी पिवळ्या. वहिनीची हळद शेजारच्या स्वस्त पाकिटापेक्षा चाळीस रुपयांनी महाग का, हे सांगायला तिच्याजवळ ना वास आहे ना चिमूट. आहेत ते तारे, लोकांचे अभिप्राय, पाकिटावरचा अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक. म्हणून एक तारा गेला तर तिला एक गिऱ्हाईक गेल्यापेक्षा जास्त लागतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, पण त्यातली एक गोष्ट सोडवत नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून छोट्या विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीशिवाय ऑनलाइन मंचावरून माल विकायची मुभा मिळाली. मात्र विक्री आपल्याच राज्यात हवी, उलाढाल मर्यादेत हवी आणि पोर्टलवरून एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. चांगली सोय आहे. आता नकाशा उघडा. मालेगावहून मुंबई म्हणजे राज्याचं दुसरं टोक, तिथे वहिनीची हळद बिनदिक्कत जाते. आदिलाबाद मुंबईच्या मानाने कितीतरी जवळ, तिथे कितीतरी मराठी घरं, पण ते तेलंगणात. तिकडे एक पाकीट पाठवायचं म्हटलं तरी नोंदणी, दर महिन्याची किंवा तिमाहीची विवरणपत्रं, सगळं आलं. ही रेषा छोट्या मालासाठी जरा सैल व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. सीमेवरच्या जिल्ह्यांचं नैसर्गिक गिऱ्हाईक पलीकडेही असतं.

आणि मग निसर्ग आहेच. वाळवण चैत्र-वैशाखात होतं, मागणी येते दिवाळीला. कुरडया संपल्या की संपल्या, श्रावणात नव्या घालता येत नाहीत, पडद्यावर मात्र "माल संपला" लिहिलं की मंच तुम्हाला यादीत खाली ढकलतो. चिया हे आमच्या जिल्ह्याचं नवं रब्बी पीक. मूळचं मेक्सिकोकडचं हे बी आता वाशिमच्या बाजार समितीत विकायला येतं. दाणा मोहरीहूनही बारीक, पाण्यात टाकला की स्वतःच्या वजनाच्या दहापटीहून जास्त पाणी धरतो. मागच्या जुलैत एका पाकिटाची शिवण उसवलेली होती आणि वाटेत पाऊस लागला. गिऱ्हाइकाने पाठवलेला फोटो मी विसरणार नाही. खोक्याच्या भेगेतून करड्या रंगाची खीर बाहेर येत होती, आणि प्रत्येक दाण्याभोवती काचेसारखं पारदर्शक वेटोळं. वहिनीने पैसे परत केले. तेव्हापासून चिया दोन पिशव्यांत जातो, बाहेरची पिशवी उष्णतेने सील केलेली.

मालेगावचं ते तेवीस दिवस फिरलेलं पाकीट वहिनीने विकलं नाही. ते आमच्याच स्वयंपाकघरात संपलं. त्याचं खोकं मी ठेवून घेतलं आहे, फिकट झालेल्या लेबलासकट. आता लेबल चिकटवण्याआधी वहिनी हात बेसनाने धुते आणि खोक्याच्या दुसऱ्या बाजूला मार्करने सहा अंक मोठे लिहिते: 444503.

तुम्ही घरगुती माल मागवत असाल, तर पत्त्यात पिनकोड बरोबर लिहा, अनोळखी नंबरवरून आलेला तो एक फोन उचला, आणि आपणच मागवलेलं पार्सल दारातून परत पाठवू नका.